साखळीचे छत्तीस दात

पुण्याची माझी मावसबहीण दर वेळी हसते. आम्ही ग्वाल्हेरची माणसं "काल मेल्यात गेलो होतो" असं सहज बोलून जातो आणि तिला वाटतं कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन आले. अगं जत्रा म्हण की, असं ती मला चाळीस वर्षं सांगतेय. पण जत्रा कशी म्हणू, जत्रेला देव लागतो, पालखी लागते, निदान एखादा नवस तरी लागतो, आणि आमचा मेला १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला तो गुरांचा बाजार म्हणून, आणि आता तिथे लोक गाड्या बुक करायला जातात कारण सरकारने सूट जाहीर केली की रोड टॅक्स अर्धा होतो. शंभराहून जास्त एकरांवर पसरलेला, ऐन थंडीत, खजला खायचा, ताटाएवढा पापड घ्यायचा आणि स्वेटर-मफलर घालून सॉफ्टी खायची (हो, थंडीतच, उन्हाळ्यात कोणीही खाईल). मेला तो मेलाच.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी मी दुसऱ्या एका मेल्याला जाऊन आले, आणि तिथे जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही. घरात सांगून झालं, भिशीत सांगून झालं, कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने पेनसिल्व्हेनियात होते. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा, ओवा, अर्धी बॅग त्यातच भरली. घर अगदी आडगावात, एका घरापासून दुसरं घर दिसतच नाही, मध्ये नुसती झाडं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेट लॅगमुळे पहाटे तीनपासून जागीच होते, सगळं आवरून चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले आणि झाडांच्या पलीकडून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग थोडा धरला, मग एकदम चढला, आणि चढून कशाला तरी चावला. मी चहा तिथेच पायरीवर ठेवून उठून उभी राहिले.

मला दोन आवाज झोपेतसुद्धा ओळखू येतात. एक आरा मशीनचा आणि एक टू-स्ट्रोक इंजिनचा. हा दोन्हींचा मिळून होता.

आरा मशीन कारण बाबांची लष्करात (ग्वाल्हेरचा तो भाग, फौज नव्हे) लाकडाची वखार होती. सागवान, शिसम, आंबा, बाभूळ, जे येईल ते. ओंडका आला की बाबा त्याच्या पोटाला सुतळी गुंडाळायचे, त्या सुतळीची चौपदरी घडी घालायचे, घडी इंचात मोजायची, तिचा वर्ग करायचा, लांबीच्या फुटांनी गुणायचं आणि १४४ ने भागायचं, आले घनफूट. साठ इंच घेर, दहा फूट लांबी, म्हणजे साडेपंधराच्या थोडं वर, हे मी सातवीत असताना तोंडी सांगायचे आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहायचं. १९८४ मध्ये मध्य प्रदेशात काष्ठ चिरानचा कायदा आला, त्यानंतर किती लाकूड आलं, किती चिरलं, किती गेलं हे सगळं रजिस्टरात लिहावं लागायचं आणि ती रजिस्टरं सगळी माझ्या अक्षरात आहेत. हिशोब माझा, अक्षर माझं, पण मशीनच्या शेडमध्ये जायचं नाही. मुलींची ओढणी जाते आत, बाबा म्हणायचे, विषय संपला. त्यांचं चूक नव्हतं, पट्ट्यात अडकलेलं कापड मी बघितलंय. पण मग मी शेडच्या बाहेर बुराद्याच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर बसायचे आणि तिथून मिस्त्रींना बघायचे.

मिस्त्री रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आऱ्याचा पट्टा उतरवायचे आणि धार लावायला बसायचे. हातात तिकोनी कानस, आमच्याकडे कानस कोणी म्हणत नाही, रेतीच म्हणतात. एका दातावर तीन घास, पुढचा दात, तीन घास, पुढचा दात. तोंडाने मोजत, पण एक म्हणायचे नाहीत, धान्य मोजणारे म्हणतात तसं "राम, दो, तीन". राम, दो, तीन. दात एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे, म्हणजे कापाची वाट पट्ट्याच्या जाडीपेक्षा रुंद होते आणि पट्टा लाकडात अडकत नाही. पूर्ण पट्ट्याला तासभर तरी लागायचा आणि तेवढा वेळ बाबा, घाई करणारे बाबा, तारखा देऊन बसलेले बाबा, एक शब्द बोलायचे नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं मिस्त्रींना पेरापर्यंतच होती. त्याबद्दल मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, उस दिन धार नहीं थी. मला वाटायचं धार नसेल तर उलट बोट वाचायला पाहिजे ना. पुष्कळ वर्षांनी कळलं, बोथट पातीवर माणूस जोर लावतो आणि जोर लावलेला हात निसटतो.

प्लायवुड आलं, मग १९९६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीवरचा आदेश आला, ओंडके मिळेनासे झाले आणि दोनेक वर्षांत बाबांनी आरा विकून टाकला. जंगलाचं भलंच झालं, माझी तक्रार नाही. तिथे आता मंगल कार्यालय आहे.

आणि टू-स्ट्रोक म्हणजे काय ते आमच्या पिढीला सांगायला नको. यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आली १९८५ मध्ये, ९८ सीसी, आणि आमच्या गल्लीत ज्याच्याकडे ती होती तो मुलगा दिसायला कसाही असला तरी चालायचं. पण त्याआधी मेल्यातला मौत का कुआं होता. येझदी फिरायची त्यात, नंतर आरएक्स, मग मारुती ८०० पण. आम्ही वर कठड्याला टेकून खाली बघायचो, गाडी वर वर चढत यायची, फळ्या थरथरायच्या, जळक्या तेलाचा वास यायचा. बाबा कधी वर यायचे नाहीत. खाली उभे राहून बाहेरून त्या विहिरीच्या फळ्यांवर टकटक करून बघायचे आणि म्हणायचे, अरे देवा, आंब्याच्या आहेत. त्यांना त्यातला मोटारसायकलवाला दिसायचाच नाही, फळ्याच दिसायच्या.

तर त्या सकाळी मी गाऊनवर शाल गुंडाळून झाडांमधून आवाजाच्या दिशेने गेले. लेक नंतर खूप रागावली, आई इथे असं कोणाच्या जागेत शिरत नाहीत. गॅरेजपुढे एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, पांढरे केस, कानाला मफ, पायांना जाडजूड खोगीर बांधल्यासारखं काहीतरी, आणि हातात नारिंगी रंगाची चेनसॉ, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या साखळीची करवत. समोर चौकोनी तासलेला लाकडाचा ठोकळा आडवा बसवलेला. त्यांनी वरून खाली कापलं, खालून वर कापलं, परत वरून खाली कापलं. तीन चकत्या पडल्या. नवरा खुर्चीत बसून मोबाईलवर वेळ बघत होता. बाईंनी मला बघून मशीन बंद केलं आणि एवढंच म्हणाल्या, आवाजाने झोपमोड झाली का? मी म्हटलं नाही, आवाजानेच आले.

या बाई तीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. मी मनात त्यांना बसवाल्या बाई म्हणायला लागले आणि पुढे तेच नाव पडलं, जावईसुद्धा म्हणायला लागला. ऑगस्टमध्ये तिथली काउंटी फेअर असते, म्हणजे त्यांचा जिल्ह्याचा मेलाच, आणि त्यात चेनसॉची रेस. हौशी लोकांची. म्हणजे कोणी दूधवाला, कोणी नर्स, कोणी छपराची कामं करणारा, दहा डॉलर भरायचे आणि उतरायचं. मला रेस म्हटल्यावर वाटलं मशीन घेऊन पळतात की काय. तसं काही नाही. चौकोनी ठोकळा असतो, ज्याच्या तीन चकत्या सगळ्यात लवकर पडतील तो जिंकला. चकती अर्धवट राहिली, कडेचा टवका राहिला तर बाद. ठोकळा चौकोनी का, तर गोल ओंडका कुठे जाड कुठे बारीक, मग भांडणं होतात. ते ऐकून मला इतकं हसू आलं, आमच्याकडे पण सगळी भांडणं घेरावरूनच व्हायची. मोठ्या व्यावसायिक स्पर्धा असतात, टिम्बरस्पोर्ट्स म्हणून, १९८५ पासून चालू आहेत (आरएक्सचंच साल!), त्यात मात्र गोल ओंडकाच असतो, चाळीस सेंटीमीटर व्यासाचा, दोन चकत्या, एक खाली जाताना एक वर येताना, दोन्ही मिळून दहा सेंटीमीटरच्या खुणेच्या आत बसल्या पाहिजेत, आणि इशारा होईपर्यंत दोन्ही हात ओंडक्यावर. चाळीस सेंटीमीटर व्यास म्हणजे घेर जवळपास पन्नास इंच. जावयाला मी हे तिथल्या तिथे सांगितलं तर तो कॅल्क्युलेटर काढून बघत बसला.

रोज सकाळी फिरायला म्हणून मी तिथे जायला लागले. लेकीचे पाय सुजलेले, ती दुपारपर्यंत झोपायची, मला काय काम होतं. पहिल्याच आठवड्यात मी माझी अक्कल पाजळली. भिंतीवर टांगलेली एक साखळी बघितली आणि म्हटलं, बाई, या साखळीचे दात पडलेत, बघा, मधेमधे रिकामी जागा आहे. नवराबायको दोघं हसले, पण वाईट नाही हसले. त्या साखळीला मुद्दामच दात कमी असतात, लांब पातीवर (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) मोठ्या लाकडासाठी वापरतात, भुसा बाहेर पडायला जागा राहते आणि इंजिनवर भार कमी येतो. रेसची साखळी वेगळी. वीस इंची पातीवरच्या त्या साखळीला छत्तीस दात. अठरा डावे, अठरा उजवे, एकाआड एक. मी मोजले. आणि प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटकं टेंगूळ. ते कापत नाही, ते फक्त ठरवतं की मागच्या दाताने लाकडाचा किती मोठा घास घ्यायचा. दुकानातून आणलेल्या साखळीत ते टेंगूळ दाताच्या टोकापेक्षा इंचाच्या हजार भागातले पंचवीसेक भाग खाली असतं. रेसवाले ते अजून घासून खाली करतात म्हणजे दात मोठा घास घेतो, पण हावरटपणा केला की इंजिन गुदमरतं आणि साखळी लाकडातच थांबते. कोणाला किती झेपेल हे ज्याचं त्याने बघायचं.

ही दाताची रचना कुठून आली ते बाईंच्या नवऱ्याने सांगितलं आणि मी घरी येऊन परत वाचलं. आधीच्या साखळ्यांना साध्या करवतीसारखे खरवडणारे दात असायचे, सारखे बोथट व्हायचे. १९४६ मध्ये ओरेगनमधला जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका सडक्या ओंडक्यात भुंग्याची अळी बघत बसला. अळी लाकूड उभं पण खात होती आणि आडवं पण, जबड्याचे दोन आकडे, एक डावा एक उजवा, आलटून पालटून. त्याने तसाच जबडा स्टीलमध्ये केला आणि १९४७ पासून विकायला लागला, आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या. आता ही अळी म्हणजे आमच्याकडच्या घुणाची भावकीच हो. बाबा आयुष्यभर ज्याला शिव्या घालत होते, फळीखाली पिठासारखी भुकटी दिसली की ज्यांचं जेवण उडायचं, तोच. एकाने त्याच्याकडे बघून कारखाना काढला आणि आमच्या बाबांनी बघून रॉकेल ओतलं.

एक गोष्ट मात्र मी लेकीला सांगितली नाही, अजूनही नाही. एका रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत होते की चेनसॉ पहिल्यांदा कोणी केली. म्हटलं कोणी जर्मन असेल, आणि सुरुवातीच्या लोकांत एक आहेही, आंद्रेआस श्टील, १९२६ मध्ये त्याने विजेवर चालणारी काढली, तीन वर्षांनी पेट्रोलची, दोन माणसांनी उचलायची. पण त्याच्याही जवळपास दीडशे वर्षं आधी, अठराव्या शतकाच्या शेवटी, स्कॉटलंडमधल्या जॉन एटकन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी दातेरी साखळीची छोटी करवत काढली होती, हाताने ओढायची, आणि त्यातल्या एटकनने ती वापरायची सांगितली ती अडलेल्या बाळंतपणात. बाळ अडलं की कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा कापून वाट मोठी करायची. भूल नव्हती तेव्हा. मी मोबाईल उलटा ठेवला. पलीकडच्या खोलीत लेक कूस बदलत होती, पलंग करकरला, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डिंक तळत बसले रात्री दोन वाजता. दुसऱ्या दिवशी गॅरेजकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

फेअरच्या आदल्या संध्याकाळी बाईंची शेवटची प्रॅक्टिस होती. जावई पण आला होता, त्याला या सगळ्यात काही गम्य नाही, सॉफ्टवेअरवाला, पण आईंना सोबत म्हणून. बाईंनी चकती कापली, ती माझ्या पायाशी पडली, मी उचलली आणि बघितली तर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. काप सरळ उतरला नव्हता, वाकला होता. दुसरी उचलली, तीच तऱ्हा. वखारीत असं झालं की मिस्त्री पट्ट्याला दोष द्यायचे नाहीत, स्वतःच्या हाताला द्यायचे. माणूस उजवखोरा असला की एका बाजूचे दात घासताना हात नीट बसतो आणि दुसऱ्या बाजूला उलटा वळतो, म्हणून एका बाजूचे दात जास्त झिजतात, आणि मग पात ज्या बाजूचे दात लांब आणि तेज त्या बाजूला पळते. मी जावयाला म्हटलं त्यांना सांग, दात एकीकडे लांब आहेत. तो म्हणाला, आई राहू द्या ना, उद्या त्यांची रेस आहे, त्यांना वाईट वाटेल, आणि परवा आपण दात पडले म्हणालो होतो. खरं होतं. मी गप्प बसले, दोन मिनिटं बसले, मग न राहवून दोन्ही चकत्या घेऊन गेले आणि बाईंच्या समोर एकावर एक ठेवल्या. काही बोलले नाही. त्यांनी बघितलं, चष्मा लावला, खणातून मापाचा चिमटा काढला आणि एकेक दात मोजायला लागल्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. नवऱ्याकडे बघून काहीतरी बोलल्या जे मला कळलं नाही आणि जावयाने सांगितलं नाही.

मग त्या गोल कानस घेऊन बसल्या. आमची तिकोनी असते, साखळीला गोल लागते, दाताच्या पोटात बरोबर बसते. लांब बाजूचे अठरा दात, प्रत्येकाला सारखेच घास, एकही जास्त नाही एकही कमी नाही, कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. त्या ओठांतल्या ओठांत इंग्रजीत मोजत होत्या. मी बाजूच्या उलट्या बादलीवर बसले होते. काय सांगू, बुराद्याचा तोच वास, तीच संध्याकाळची तिरपी उन्हं, आणि कोणी मला उठ म्हणत नव्हतं. अर्ध्यावर आल्यावर त्यांचं बोट आखडलं (संधिवात आहे त्यांना), त्यांनी कानस माझ्याकडे धरली. मी म्हटलं छे छे. त्यांनी धरूनच ठेवली. शेवटचे सात दात मी केले. राम, दो, तीन. मोठ्याने नाही म्हटलं.

फेअरचं काय वर्णन करायचं, सगळीकडे मेला सारखाच. धूळ, पाळणे, लाउडस्पीकर, हरवलेली मुलं. त्यांचीही सुरुवात गुरांपासूनच. १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पिट्सफील्ड गावात एल्काना वॉटसन नावाच्या माणसाने लोकांनी बघाव्यात म्हणून चौकात दोन मेरिनो मेंढ्या आणून ठेवल्या, तीन-चार वर्षांत तिथे गुरांचं प्रदर्शन भरायला लागलं आणि त्यातून ही सगळी प्रथा. आजही एका मंडपात शाळकरी मुलं आपापल्या गाईंना शाम्पूने आंघोळ घालून, शेपटी विंचरून उभी होती. फनेल केक म्हणून एक पदार्थ खाल्ला, जिलबी तळली आणि पाकात टाकायची विसरले, मग लाज वाटून वर पिठीसाखर भुरभुरवली, असा. दोन खाल्ले.

रेस ग्रँडस्टँडच्या मागच्या मोकळ्या मैदानात होती. आधी छोट्या इंजिनवाले, मग साठ सीसीपर्यंतचे पुरुष, मग बायका. ठोकळे सगळे एकाच झाडाचे, पाइनचे, पण कोणाच्या वाट्याला कुठला ठोकळा ते चिठ्ठीवर, कारण एकात गाठ निघते, एकात निघत नाही, आणि गाठ म्हणजे लाकडात दगड. पायांच्या खोगिराचं रहस्य पण तिथे कळलं. त्यात लांब लांब चिवट धाग्यांचे थर असतात, साखळी चुकून पायाला लागली तर ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. म्हणजे ज्या ओढणीच्या भीतीने मला शेडबाहेर ठेवलं, तीच गोष्ट इथे पाय वाचवायला बांधतात. हे मला बाबांना सांगायला आवडलं असतं.

बायकांच्या गटात सहा जणी. बसवाल्या बाई चौथ्या उतरणार होत्या. एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, आदल्या नंबरला, वेणी शर्टात खुपसलेली, तिने ९.७ सेकंदांत तिन्ही पाडल्या. मग आमच्या बाई. शिट्टी झाली, हात ठोकळ्यावरून मशीनवर, पहिला काप खाली, सरळ, अगदी ओळंब्याने उतरावा तसा सरळ, मी जावयाचा दंड धरला होता असं तो सांगतो. दुसरा खालून वर. हा अवघड, कारण यात साखळी माणसाकडे ढकलते आणि वजन हाताने पेलायचं. तो पण झाला. तिसऱ्यात अर्ध्यावर आवाज बदलला. घोगरा झाला, खाली उतरला. गाठ. क्षणभर वाटलं थांबणार, पण बाईंनी जोर लावला नाही, उलट हात सैल सोडला, मशीनला तिचा तिचा श्वास घेऊ दिला, आणि आवाज परत चढला. चकती पडली. १०.३.

दुसऱ्या आल्या. लाल रिबन आणि वीस डॉलर. म्हणजे निव्वळ नफा दहा डॉलर, नवऱ्याने लगेच हिशोब सांगितला, पेट्रोल सोडून. मला इतकं वाईट वाटलं, की तो ठोकळाच बदलून का नाही देत, गाठ सगळ्यांना दिसतेय, मी जावयाला म्हणतही होते, तू तक्रार कर. बाई तिकडे त्या वेणीवाल्या मुलीच्या साखळीचे दात बघत होत्या, वाकून, चष्मा लावून, आणि ती मुलगी त्यांना काहीतरी समजावून सांगत होती.

शेवटी हॉट सॉ. यात मशीन कसंही करून आणायचं. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची इंजिनं काढून त्यांना पात लावलेली, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, वजन वीस-पंचवीस किलो, आणि बाजूला हा एवढा पोट फुगलेला सायलेन्सर. ते पोट उगीच नसतं. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जाताना थोडी ताजी पेट्रोलची वाफ पण त्याच्यामागे निसटते, त्या फुगीर नळीत धुराची लाट आपटून मागे फिरते आणि निसटलेली वाफ परत सिलिंडरमध्ये ढकलते, बरोबर झाकण पडायच्या आत. नळीची लांबी बोटभर चुकली तर वेळ चुकते. ग्वाल्हेरात आरएक्सचा सायलेन्सर कापून आणणारी पोरं हेच करत होती, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं आणि गाडी नुसतीच जास्त बोंबलायची. साध्या मोठ्या चेनसॉची साखळी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळते, या राक्षसांची त्याच्या दुप्पट आणि वर. एक दाढीवाला आला, तीनदा दोरी ओढली, मशीन सुरूच होईना, चौथ्यांदा झालं आणि सहा सेकंदांत तीन चकत्या धुरळ्यासकट खाली. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मी पण. पण खरं सांगायचं तर मला मजा नाही आली. इतक्या वेगात लाकूड दिसतच नाही.

जावयाने विचारलं आठवण म्हणून काय घेता. सगळे टोप्या घेत होते. मी एका टेबलावरून गोल कानस घेतली, लाकडी मुठीची, साडेचार डॉलर. परत येताना ती चेक-इन बॅगेत टाकली, साडीत गुंडाळून, तरी विमानतळावर दोनदा बॅग उघडायला लावली. नातू तोवर पाच आठवड्यांचा झाला होता. सगळं नीट झालं, अकरा तास लागले लेकीला, मी बाहेर बसून होते आणि काय काय आठवत होते ते लिहीत नाही.

जानेवारीत नणंद आली मेल्यासाठी, दर वर्षी येते. ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या म्हणून तिला विळी दिली. आमच्या विळीची खवणी सासूबाईंच्या वेळची, दात पार गुळगुळीत झालेले, नारळ खवण्यापेक्षा कुस्करायचीच जास्त. ती मी नोव्हेंबरात गोल कानशीने एकेक दात मोजून घासून ठेवली होती, आणि हे मी तिला सांगितलं होतं, अगदी स्पष्ट सांगितलं होतं की हलक्या हाताने, जोर लावू नकोस. तिने नेहमीसारखा जोर लावला.

"वहिनी, काय करून ठेवलंत हे, अंगठा सोलला की माझा!"

मी हळद आणायला उठले. जाता जाता खोबरं बघितलं. कापसासारखं पडलं होतं.